क्लास बदलला, मग शिकलेलं कुठे गेलं?

पेट, नेट-सेटची तयारी करता करता ज्यांना आता रिसर्च प्रपोजल लिहायचं आहे, त्यांच्यासाठी आजचा लेख आहे. विषय मात्र खेळातला घेतलाय. फँटसी आरपीजीमध्ये, म्हणजे रोल-प्लेइंग गेममध्ये, एखादं पात्र मध्येच आपला क्लास बदलतं तेव्हा त्याच्या क्षमतांचं काय होतं?

आपल्याकडे ‘क्लास बदलला’ म्हटलं की बारावीतल्या मुलाने शिकवणी बदलली असंच वाटतं. इथे क्लास म्हणजे पात्राचा पेशा. फायटर शस्त्रं चालवतो, विझार्ड पोथ्या वाचून जादू शिकतो, क्लेरिक देवाच्या कृपेने जखमा बऱ्या करतो, आणि रोग (आजार नव्हे, रोग नावाचा क्लास) लपूनछपून काम साधतो. पात्र जसं अनुभव मिळवतं तशी त्याची लेव्हल वाढते आणि त्या त्या पेशाची कसबं त्याला मिळत जातात. सरळ मामला आहे, जोवर ते पात्र आयुष्यभर एकच पेशा करतं तोवर.

माझं पीएचडीचं काम खेळांच्या नियमपुस्तकांवर आहे. लोक कसे खेळतात यापेक्षा नियम लिहिणाऱ्याने काय गृहीत धरलंय, हे मी शोधत असते. क्लास बदलण्याचे नियम या कामासाठी फार उपयोगी पडतात, कारण तिथे नियमकर्त्याला एका अवघड प्रश्नाचं उत्तर आकड्यांत द्यावंच लागतं: माणूस जे शिकतो ते नक्की कुठे साठतं?

खेळणाऱ्यांमध्ये याबद्दल कायम दोन तट असतात. एक गट म्हणतो, क्लास बदलणं म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. पात्र दोन्हीकडे कच्चं राहतं. दुसरा म्हणतो, सगळ्यात तगडी पात्रं दोन-तीन क्लास मिसळूनच बनतात. दोन्ही गटांत वर्षानुवर्षं खेळलेली माणसं आहेत आणि दोघांकडे उदाहरणं आहेत. दोन जाणकार गट इतक्या खात्रीने उलट बोलत असतील, तर बहुतेक वेळा ते वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात. आपलं काम तिथून सुरू होतं.

पहिल्याच पुस्तकातली दोन उत्तरं

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ छापून आला. त्यात क्लास तीनच होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक. क्लास बदलू नये असाच पुस्तकाचा कल, पण बदलायचाच असेल तर नियम दिलेला आहे. पात्राचे मूळ गुण (शक्ती, बुद्धी वगैरे) तीन फाशांच्या बेरजेने ठरतात, म्हणजे ३ ते १८. नव्या क्लासला जो गुण लागतो तो १६ किंवा जास्त असेल तरच माणसाला बदल करता येतो. जादूगाराला क्लेरिक आणि क्लेरिकला जादूगार मात्र कधीच होता येत नाही.

त्याच पुस्तिकेत एल्फ नावाची जमात आहे. एल्फला लढवय्या आणि जादूगार यांच्यात हवी तेव्हा अदलाबदल करता येते. एका मोहिमेत लढवय्या, पुढच्या मोहिमेत जादूगार. चालू मोहिमेत मध्येच बदलता येत नाही, एवढंच बंधन.

बघा, एकाच पुस्तिकेत दोन वेगळे सिद्धांत बसलेत. माणसाच्या बाबतीत पेशा हा उंबरठा आहे, तो ओलांडायला असामान्य कुवत लागते. एल्फच्या बाबतीत पेशा हा अंगरखा आहे, आज हा घातला, उद्या तो. पुढच्या पन्नास वर्षांतले बहुतेक नियम मला या दोन टोकांच्या मधले वाटतात.

‘क्षमता’ हा एक शब्द पुरत नाही

आता संशोधनातली पहिली अडचण. ‘क्लास बदलल्याने क्षमता कमी होते का?’ हा प्रश्न असाच्या असा प्रपोजलमध्ये लिहिलात तर गाईड पहिला लाल शेरा ‘क्षमता’ या शब्दावर मारतील. आणि ते बरोबर असेल.

१९८१ चा ‘विझर्ड्री’ हा संगणकावरचा खेळ घ्या. त्यात क्लास बदलला की लेव्हल पुन्हा १, अनुभव शून्य. म्हणजे पहिले पाढे पंचावन्न. शक्ती, बुद्धी हे मूळ गुण घसरून त्या जमातीच्या किमान आकड्यावर येतात. वर पात्राचं वय काही वर्षांनी वाढतं. नवा पेशा शिकण्यात गेलेला काळ खेळ चक्क वसूल करतो. पण पाठ झालेले मंत्र? ते राहतात. अंगात मुरलेले हिट पॉइंट्स, म्हणजे मार खायची ताकद? तीही राहते.

मग या पात्राची क्षमता वाढली की घटली? याला एका शब्दात उत्तर नाही, कारण इथे निदान चार वेगळे कप्पे आहेत. शरीरात साठलेलं, डोक्यात साठलेलं, पेशाच्या दर्जाशी बांधलेलं (लेव्हल), आणि जन्मजात देणगी. विझर्ड्री पहिले दोन जपतो, तिसरा पुसतो आणि चौथा कापतो. मला स्वतःला हे चौथं विचित्र वाटतं. पेशा बदलला म्हणून बुद्धीच कशी घटेल? पण खेळाच्या दृष्टीने त्यात हिशोब आहे: मंत्र राखायची किंमत कुठून तरी वसूल करायची, तर ती तिथून केली.

जपानमध्ये १९८८ साली आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’ ने हीच कल्पना सौम्य केली. २० व्या लेव्हलनंतर एका देवळात जाऊन पेशा बदलायचा. जपानी नाव ‘दामा’. ऐकताना आपल्याला ‘धर्म’ आठवल्याशिवाय राहत नाही. लेव्हल १ होते, पण गुण किमान आकड्यावर न जाता निम्मे होतात, आणि शिकलेले मंत्र कायम राहतात. कथानायकाला मात्र पेशा बदलता येत नाही! याच खेळात ऋषी व्हायला एक दुर्मिळ पोथी लागते, पण लढाईत नुसत्या टिवल्याबावल्या करणारा विदूषक २० व्या लेव्हलला पोचला की पोथीशिवायच ऋषी होऊ शकतो. यावर कोणीतरी स्वतंत्र पेपर लिहायला हवा.

आता ‘निम्मे गुण’ हे नुकसान आहे का? २० व्या लेव्हलच्या पात्राशी तुलना केली तर उघडच आहे. पण ताज्या, पहिल्या लेव्हलच्या पात्राशी तुलना करा. निम्म्यावर आलेलं पात्रही त्याच्यापेक्षा खूप पुढे असतं. त्यात सुरुवातीच्या लेव्हल्स स्वस्त असतात, भराभर चढतात. म्हणजे नुकसान झालं की फायदा, हे तुम्ही शेजारी कोणाला उभं करता यावर ठरतं. संशोधनाच्या भाषेत याला तुलनेचा आधार म्हणतात, आणि प्रपोजलमध्ये सगळ्यात जास्त वेळा गायब असलेली गोष्ट हीच असते.

एक हिशोब करूनच बघू

इथे जरा थांबू आणि कागद-पेन घेऊ. ‘अॅडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची दुसरी आवृत्ती १९८९ ची. तिच्यात क्लास बदलण्याचे दोन रस्ते होते.

माणसासाठी ‘ड्युअल क्लास’. जुना क्लास सोडायचा, नव्यात पहिल्या लेव्हलपासून सुरू करायचं, जुन्यात परत वाढता येत नाही. अट कडक: जुन्या क्लासचा मुख्य गुण १५ आणि नव्याचा १७. जुने हिट पॉइंट्स राहतात. पण नवी लेव्हल जुनीच्या पुढे जात नाही तोवर जुनं कसब वापरलंत, तर त्या चकमकीचा अनुभव शून्य आणि सबंध मोहिमेचा निम्मा. नवी लेव्हल जुनीच्या पुढे गेली की बंधन संपलं, दोन्ही कसबं मोकळी.

एल्फ, बुटके वगैरे इतर जमातींसाठी ‘मल्टिक्लास’. सुरुवातीपासून दोन पेशे एकत्र, मिळालेला अनुभव दोघांत समान वाटायचा, हिट पॉइंट्सची सरासरी काढायची.

आता समजा एक माणूस फायटर म्हणून ७ व्या लेव्हलला पोचला. तक्त्याप्रमाणे त्याला ६४,००० अनुभवगुण लागले. मग तो जादूगार व्हायचं ठरवतो. ७ च्या पुढे जायला जादूगाराची ८ वी लेव्हल हवी, तिला लागतात ९०,०००. एकूण १,५४,०००. (उच्च गुणांबद्दल मिळणारा दहा टक्के बोनस मी बाजूला ठेवलाय, नाहीतर हिशोब लांबेल.)

तेवढ्याच १,५४,००० गुणांत आयुष्यभर जादूगारच राहिलेला मित्र कुठे असेल? ९ व्या लेव्हलला, कारण ९ वी १,३५,००० ला येते आणि १० वी २,५०,००० ला. आयुष्यभर फायटर राहिलेला? ८ व्या, कारण तिथे १,२५,००० लागतात.

परत वाचा. पेशा बदललेल्या माणसाकडे फायटरची ७ आणि जादूगाराची ८ लेव्हल आहे. एकमार्गी जादूगाराच्या मागे तो फक्त एक लेव्हल आहे, आणि बदल्यात जवळजवळ अख्खा फायटर त्याच्या खिशात आहे. ‘भाराभर चिंध्या’वाल्यांना हे पटत नाही, पण गणित असंच आहे. कारणही सोपं आहे: या तक्त्यांत प्रत्येक पुढची लेव्हल आधीच्या सगळ्या लेव्हल्सच्या बेरजेइतकी, कधी त्याहून कमी महाग असते. वरची एक लेव्हल सोडली की त्या पैशात खालचा दुसरा अख्खा जिना विकत मिळतो.

अर्ध-एल्फचं काय? १,५४,००० चे दोन भाग, ७७,००० आणि ७७,०००. फायटर ७, जादूगार ७ (६०,००० ला ७ वी, ९०,००० ला ८ वी). म्हणजे माणसापेक्षा जादूत एकच लेव्हल कमी, आणि मधला वनवास अजिबात नाही.

तो मधला वनवासच खरा मुद्दा आहे. माणसाने क्लास बदलल्यावर २०,००० गुण मिळवले तो क्षण पकडा. एकूण ८४,०००. तो ५ व्या लेव्हलचा जादूगार आहे आणि त्याची तलवारबाजी कुलूपबंद. याच क्षणी त्याचा फायटर मित्र ७ व्या लेव्हलला आहे, जादूगार मित्रही ७ व्या. इथे मोजलंत तर क्लास बदलणं हा शुद्ध वेडेपणा दिसतो. १,५४,००० ला मोजलंत तर शहाणपणा दिसतो. पात्र तेच, नियम तेच, मोजायची वेळ बदलली.

आणि एक. वनवासात हा माणूस मेला तर? त्याच्या सोबत्यांची लेव्हल मोठी, म्हणून समोर येणारे शत्रूही मोठे. आणि हा तिथे नवशिका म्हणून उभा. जे मध्येच मेले त्यांच्या गोष्टी फारशा कोणी सांगत नाही. जे पार गेले त्यांचे किस्से वर्षानुवर्षं चालतात. खेळाडूंच्या मुलाखती घेऊन तुम्ही ‘ड्युअल क्लास उत्तम’ असा निष्कर्ष काढलात, तर तो फक्त वाचलेल्यांचा निष्कर्ष असेल.

यात आणखी एक गंमत आहे. हेच दुसऱ्या आवृत्तीचे नियम १९९८ आणि २००० मधल्या ‘बाल्डर्स गेट’ या संगणकी खेळांत आले. तिथे जुनी कसबं थेट बंद होतात आणि नवी लेव्हल पुढे गेली की उघडतात. नियमाचा गाभा तोच. पण संगणकावर पात्र मेलं तर सेव्ह केलेल्या जागेवरून पुन्हा सुरू करता येतं. धोका होता तो गेला, उरला फक्त कंटाळा. म्हणजे क्लास बदलण्याची किंमत नियमात जेवढी आहे तेवढीच, मरण कायमचं आहे की नाही यातही आहे. दोन्हीचे खेळाडू एकाच नमुन्यात मिसळू नका.

अपूर्णांक कुठे सांडतात

२००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने ही सगळी कुंपणं काढली. दर लेव्हलला कुठलाही क्लास घ्या, जमात कोणतीही असो. लेव्हल्सची बेरीज म्हणजे पात्राची एकूण लेव्हल. दिसायला अगदी न्याय्य. पण बारकावा बेरजेत आहे.

हल्ल्याचा मूळ बोनस फायटरला दर लेव्हलला १ मिळतो, रोग आणि क्लेरिकला पाऊण, विझार्डला अर्धा. आणि प्रत्येक क्लासचा अपूर्णांक वेगवेगळा कापून टाकायचा. रोग १, क्लेरिक १, विझार्ड १ असं तीन लेव्हलचं पात्र घ्या. पाऊण कापून शून्य, पाऊण कापून शून्य, अर्धा कापून शून्य. बेरीज शून्य! तीन लेव्हलचा निव्वळ रोग मात्र सव्वादोन कापून २ वर असतो. अपूर्णांक न कापता बेरीज केली असती तर मिश्र पात्रालाही ०.७५, ०.७५ आणि ०.५ मिळून बरोबर २ आले असते. म्हणजे दोघांतला सगळा फरक कापाकापीतून आलाय. शिकण्याबद्दलच्या कुठल्याही विचारातून नाही.

आता उलटी बाजू. विष, रोगराई वगैरेंचा सामना करायला एक बचावाचा आकडा असतो. फायटर, बार्बेरियन आणि रेंजर या तिघांचाही तो चांगला. चांगला म्हणजे पहिल्याच लेव्हलला २, पुढे दर दोन लेव्हलला १. तीन लेव्हलचा फायटर ३ वर असतो. पण फायटर १, बार्बेरियन १, रेंजर १ असं पात्र केलं तर २, २ आणि २, म्हणजे ६. दुप्पट! पहिल्या लेव्हलची ती स्वागताची भेट त्याला तीनदा मिळाली.

एकच आवृत्ती, एकच बेरजेचा नियम, आणि एका आकड्यात भटक्याचं दिवाळं तर दुसऱ्यात लॉटरी. तुम्ही फक्त हल्ल्याचा बोनस मोजला असता तर ‘मल्टिक्लास वाईट’ असं लिहून मोकळे झाला असतात. लेखकांनाही हे दिसलं असावं. २००४ च्या ‘अनअर्थ्ड आर्काना’ या पूरक पुस्तकात अपूर्णांक जपून बेरीज करण्याचा पर्यायी नियम आला. जादूचा प्रश्न वेगळाच: फायटर ५ / विझार्ड ५ हा जादू फक्त ५ व्या लेव्हलच्या विझार्डाइतकीच करतो. लढाईचं ज्ञान बेरजेत येतं, जादूचं येत नाही.

आधी काय शिकलात?

पाचव्या आवृत्तीत (२०१४) मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे क्रम. फायटर १ आणि विझार्ड १ असं दोन लेव्हलचं पात्र दोन प्रकारे बनतं. आधी फायटर झालात तर पहिल्या लेव्हलचे पूर्ण १० हिट पॉइंट्स, त्यावर विझार्डचे सरासरी ४, एकूण १४. आधी विझार्ड झालात तर ६ अधिक ६, म्हणजे १२. (शरीरबळाचा बोनस दोन्हीकडे सारखाच, म्हणून धरला नाही.) हा फरक किरकोळ आहे. पण आधी फायटर झालेल्याला जड चिलखत वापरता येतं. विझार्डीतून फायटरकडे आलेल्याला ते मिळत नाही, कारण दुसऱ्या क्लासचं प्रशिक्षण तुटपुंजंच मिळतं. शिवाय बचावातलं प्रावीण्य फक्त पहिल्या क्लासचं. आधीच्या फायटरला शक्ती आणि शरीरबळाचं, आधीच्या विझार्डला बुद्धी आणि शहाणपणाचं. जादू चालू असताना मार बसला तर ती टिकवायला शरीरबळाचाच बचाव लागतो. म्हणजे गंमत अशी की, जादू टिकवण्याच्या कामात आधी तलवार शिकलेला विझार्ड सरस ठरतो.

इथे अ अधिक ब आणि ब अधिक अ सारखे नाहीत. तुमच्या विदेत जर फक्त ‘फायटर १, विझार्ड १’ एवढीच नोंद असेल तर दोन वेगळी पात्रं एका रकान्यात पडतील. तक्ता बनवताना क्रमाचा रकाना आधीच ठेवा, नंतर भरून काढता येत नाही.

याच आवृत्तीत कोणतं कसब कशाशी बांधलंय हेही पाहण्यासारखं आहे. फायटर ४ / विझार्ड १ घ्या. ‘फायर बोल्ट’ हा छोटा मंत्र एकूण लेव्हलप्रमाणे वाढतो, म्हणून चार लेव्हल तलवार चालवून त्याचा मंत्र दुप्पट झालेला असतो. पण एका डावात दोन वार करण्याचं कसब फायटरच्याच ५ व्या लेव्हलला मिळतं, त्यामुळे ते त्याला नाही. क्लेरिक ५ / विझार्ड ५ ची गत आणखी मजेशीर: जादूची ताकद १० व्या लेव्हलच्या जादूगाराइतकी, पाचव्या दर्जापर्यंत, पण माहीत असलेले मंत्र तिसऱ्या दर्जापर्यंतचेच. ताकद आहे, पण तेवढ्या दर्जाची विद्या नाही. खालचे मंत्र जास्त जोर लावून म्हणायचे, एवढंच.

विज्ञान शाखेतून समाजशास्त्रात किंवा इंजिनिअरिंगमधून भाषाशास्त्रात जाऊ पाहणाऱ्या वाचकांना यात काही ओळखीचं वाटलं, तर मी नाही म्हणणार नाही.

सामान बरोबर नेता येतं का

जपानी खेळांनी वेगळीच वाट धरली, ती थोडक्यात सांगते. १९९२ च्या ‘फायनल फँटसी ५’ मध्ये पेशा हवा तेव्हा बदलता येतो, लेव्हल घसरत नाही. पेशात राहून शिकलेलं कसब पुढच्या पेशात बरोबर नेता येतं, पण जागा एकच. सगळं शिका, वापरायला मात्र त्यातलं एकच निवडा. बिनपेशाच्या पात्राला दोन जागा मिळतात, आणि जे पेशे पूर्ण आत्मसात केले त्यांचे अंगभूत गुण त्याच्यात आपोआप उतरतात. या बिनपेशाच्या अवस्थेचं जपानी नाव ‘सुप्पिन’, म्हणजे मेकअप न केलेला चेहरा. पेशा हा रंग, माणूस खाली तसाच.

१९९७ च्या ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’मध्येही कसबं अशी नेता येतात, पण लेव्हल वाढताना तुम्ही ज्या पेशात असाल त्यानुसार शरीर घडतं. बाहेरून दोन पात्रं सारखीच दिसली तरी कोणत्या पेशात मोठी झाली हे त्यांच्या आकड्यांत मुरलेलं असतं.

बदलायचा हक्क कोणाला

नियमांत क्षमतेइतकाच महत्त्वाचा प्रश्न परवानगीचा आहे. जुन्या आवृत्त्यांत पेशा सोडून दुसरा धरायची मुभा फक्त माणसाला. इतर जमातींना जन्मापासून दोन पेशे, पण लेव्हलला कमाल मर्यादा. तिसऱ्या आवृत्तीने जमातीचं बंधन काढलं, तरी पॅलाडिन (व्रतस्थ योद्धा) आणि मंक यांच्यावर एक अट ठेवली: दुसरा क्लास घेतलात तर मिळवलेलं राहील, पण या वाटेवर पुढे पाऊल टाकता येणार नाही. क्षमता आहे तशीच, परतीचं दार बंद. कसबापेक्षा निष्ठेबद्दलचा हा नियम वाटतो मला. २०२४ च्या आवृत्तीने तर ‘रेस’ हा शब्दच सोडून ‘स्पीशीज’ घेतला.

जन्मावरून पेशा आणि तो बदलायचा हक्क कोणाला, हे वाचून मराठी वाचकाचं मन कुठे जाईल ते सांगायला नको. बलुतेदारीशी तुलना करण्याचा मोह होतोच. करा, पण जपून. हे नियम अमेरिकन फँटसी कथा आणि युद्धखेळांच्या परंपरेतून आलेत, आणि साम्य दिसणं म्हणजे कारण सापडणं नव्हे. तुलना करायची असेल तर नियमातलं नेमकं कलम आणि समाजातली नेमकी प्रथा शेजारी ठेवा. दोन्हीकडे मोघम शब्द ठेवून साम्य दाखवणं फार सोपं असतं.

तर असा विषय प्रपोजलमध्ये घ्यायचा असेल तर प्रश्न लहान करा. ‘क्लास बदलण्याचा क्षमतेवर परिणाम’ हे शीर्षक नको. ‘दुसऱ्या आवृत्तीत समान अनुभवगुणांवर ड्युअल क्लास आणि एकमार्गी पात्रांच्या लेव्हलमधला फरक’ हे चालेल. रुक्ष आहे, पण त्याचं उत्तर निघतं. आणि साधन म्हणून खेळाचं नुसतं नाव देऊ नका. ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’ म्हणजे १९८८ चं फॅमिकॉमवरचं की २०२४ चं नव्या रूपातलं? ‘बाल्डर्स गेट ३’ घेत असाल तर ते पाचव्या आवृत्तीवर बेतलेलं असूनही त्यात क्लास मिसळायला किमान गुणांची अट नाही, आणि विदर्स नावाच्या पात्राला १०० सोन्याची नाणी दिली की सगळे क्लास पुसून पहिल्यापासून निवडता येतात. तिथे ‘बदल’ म्हणजे काय मोजणार, हे पॅचच्या क्रमांकासकट पहिल्याच पानावर लिहा.